‘बेशुद्ध नाही ना पडला? मग खेळू दे’ : एका फॉरवर्डला उत्तर

अमेरिकन फुटबॉलने मुलांच्या मेंदूला काहीच होत नाही असं सांगणारा एकच फॉरवर्ड तीन वेळा आला. पहिल्यांदा आमच्या बॅचच्या ग्रुपवर, अमेरिकेतल्या एका मित्राने टाकला, तेव्हा न वाचताच पुढे सरकलो. दुसऱ्यांदा न्यू जर्सीच्या चुलतभावाकडून, तेव्हा वाचला आणि मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. तिसऱ्यांदा परवा रात्री साडेअकराला, ताईकडून. सोबत तिच्या दोन ओळी : “हे खरं आहे का बघ. दाजींना सगळं पटलंय. शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय.”

मग मात्र झोप लागेना.

ताई डॅलसजवळ राहते. ईशान, माझा भाचा, येत्या ऑगस्टात सातवीत जाईल. टेक्सासात सातवीपासून शाळेची फुटबॉलची टीम असते आणि त्याला त्यात खेळायचंय. हा फुटबॉल म्हणजे आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे संघ भिडतात तो नव्हे. चेंडू लंबगोल, तो हातात घेऊन पळायचा, आणि पळणाऱ्याला अंगावर झेप घेऊन आडवा करायचा, म्हणजे ‘टॅकल’ करायचं. शिवाय चेंडू कुणाच्याही हातात जावो, दर खेपेला खेळ सुरू झाला की समोरासमोर ओणवे बसलेले दोन्हीकडचे धिप्पाड गडी एडक्यांसारखे एकमेकांवर आदळतात. दर खेपेला. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी डॉक्टर नाही. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. पण दोन रात्री बसून जे मुळातून वाचता आलं ते वाचलं, आणि आता लिहितोय ते ताईसाठी, दाजींसाठी, आणि हा फॉरवर्ड ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये पडून आहे त्या सगळ्यांसाठी.

फॉरवर्डचं शीर्षक ‘फुटबॉल आणि मेंदू : भीतीच्या धंद्याचा पर्दाफाश’. मूळ इंग्रजी असणार, मराठी करताना कुणीतरी शेवटी पदरचं मीठमसाला घातलंय. मजकूर थोडक्यात असा. नवी हेल्मेटं इतकी प्रगत आहेत की धक्का मेंदूपर्यंत पोचतच नाही. कन्कशन म्हणजे बेशुद्ध पडणं. बेशुद्ध पडला नाही तर इजा नाही, तोंडावर पाणी मारा, पाच मिनिटं बसवा, परत मैदानात पाठवा. कन्कशन झालं नसेल तर पुढे आयुष्यात काहीही होत नाही. ‘१११ पैकी ११० खेळाडूंचे मेंदू खराब’ हा आकडा बनाव आहे. लीगच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल चालवणाऱ्या एनएफएलच्या, स्वतःच्या डॉक्टरांनी धोका नसल्याचं सिद्ध केलंय. खेळाडू उलट सामान्य माणसापेक्षा जास्त जगतात. मुलांचा मेंदू लवचिक असतो, म्हणून सहा-सात वर्षांपासूनच खेळायला घाला. सायकलवरून पडणारी मुलं यापेक्षा जास्त. आपल्या लाल मातीतल्या मल्लांना कधी काही झालं का? आणि सगळ्यात शेवटी, रोज रात्री ब्राह्मीचं तेल आणि हळदीचं दूध. दोन हात जोडलेले, एक दंडाची बेटकुळी.

हा क्रम मी पाळणार नाही. कारण त्यातला दुसरा मुद्दा नुसता चुकीचा नाही, तो जीव घेणारा आहे.

‘बेशुद्ध पडला नाही तर इजा नाही.’ कन्कशन म्हणजे धक्क्याने मेंदूचं काम काही काळ बिघडणं, आणि ते झालेल्या दहापैकी नऊ जण शुद्ध हरपत नाहीत. हे सांगायला मेंदूचा डॉक्टर लागत नाही, क्रिकेट बघणारा कुणीही सांगेल. ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. स्मिथ कोसळला, पण शुद्धीवर होता. चाचण्या पार पडल्या, थोड्या वेळाने पुन्हा बॅटिंगला आला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो डोकं दुखत, गुंगीत. मग त्याला बसवलं आणि लाबुशेन कसोटीतला पहिला ‘कन्कशन सब्स्टिट्यूट’ झाला. म्हणजे जगातले उत्तमातले डॉक्टर पॅव्हेलियनमध्ये असताना लक्षणं दुसऱ्या दिवशी उगवली. आणि फॉरवर्ड म्हणतोय पाच मिनिटं!

आता ही पाच मिनिटं कशी अंगाशी येतात ते बघा. ऑक्टोबर २००६, वॉशिंग्टन राज्यातलं मेपल व्हॅली. झॅकरी लिस्टेट नावाचा १३ वर्षांचा मुलगा, म्हणजे ईशानपेक्षा फार तर एका वर्षाने मोठा. पहिल्या हाफच्या शेवटाकडे टॅकल करताना त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. थोडा वेळ त्याला बाहेर बसवलं. दुसऱ्या हाफमध्ये तो परत खेळला आणि जोरात खेळला. मॅच संपल्यावर मैदानावरच कोसळला. हेलिकॉप्टरने सिअॅटलला नेलं, मेंदूतला रक्तस्राव आणि सूज इतकी की दोन्ही बाजूंची कवटी काढून ठेवावी लागली. पोरगं वाचलं. पण पहिला शब्द बोलायला नऊ महिने गेले, आणि पुढची वर्षं व्हीलचेअरमध्ये.

पहिल्या धक्क्यानंतर तो बेशुद्ध नव्हता. फॉरवर्डच्या व्याख्येप्रमाणे त्याला ‘इजा’ झालेलीच नव्हती.

होतं असं, की एकदा मार बसलेला मेंदू काही दिवस आपला रक्तपुरवठा आणि ऊर्जेचा हिशोब सांभाळायच्या खटपटीत असतो. तेवढ्यात दुसरा धक्का बसला, भले तो पहिल्यापेक्षा हलका असेना, तर मेंदू सुजत जातो आणि कवटीत सुजायला जागा नसते. असं क्वचित होतं, हे मान्य. पण होतं ते बहुतेक करून याच कोवळ्या वयात, आणि ते शंभर टक्के टाळता येतं, मुलाला परत मैदानात न पाठवून. लिस्टेटच्या नावाने २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदाच केला : कन्कशनची शंका जरी आली तरी मूल बाहेर, आणि वैद्यकीय माणसाने लेखी दिल्याशिवाय परत नाही. २०१४ उजाडेपर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. दाजी, टेक्सासचा २०११ चा आहे. म्हणजे हा फॉरवर्ड जे करा म्हणून सांगतोय ते तुमच्या राज्यात कोचने केलं तर तो कायदा मोडतो. व्हॉट्सअॅपवर तेच ‘अनुभवाचे बोल’ म्हणून फिरतंय.

पुढचा मुद्दा याचाच धाकटा भाऊ : कन्कशन झालं नाही तर पुढे काही होत नाही. हा जास्त फसवा, कारण ऐकायला शहाणपणाचा वाटतो. मलाही परवापर्यंत ढोबळमानाने असंच वाटत होतं. मोठा अपघात झाला तर मोठी इजा, नाही तर नाही.

फॉरवर्डमध्ये ‘हार्वर्डच्या संशोधकांनी सांगितलं आहे’ असं एक वाक्य आहे. कोण संशोधक, कधी, काही नाही. चला, हार्वर्डचंच घेऊ. जून २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये एक शोधनिबंध आला. पहिलं नाव डॅन दानेशवर, हार्वर्ड मेडिकल स्कूलचे. त्यांनी आणि बॉस्टन विद्यापीठाच्या गटाने मरणोत्तर दान केलेले ६३१ फुटबॉलपटूंचे मेंदू घेतले. शाळेत खेळलेल्यांपासून व्यावसायिकांपर्यंत सगळे त्यात आले. त्या मेंदूंत सीटीई आहे का, असला तर किती वाढलेला, हे आधीच तपासलेलं होतं. सीटीई म्हणजे क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी : मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाऊ नावाचं प्रथिन गाठोडी करून साचत जातं आणि पेशी मरत जातात. विसराळूपणा, भडका उडणं, नैराश्य, शेवटी स्मृतिभ्रंश. निदान पक्कं होतं ते माणूस गेल्यावरच, मेंदू कापून.

मग त्यांनी दुसरी बाजू मांडली. हेल्मेटमध्ये सेन्सर बसवून केलेल्या ३४ वेगवेगळ्या अभ्यासांतून कुठल्या जागी, कुठल्या पातळीवर खेळणाऱ्याच्या डोक्याला एका हंगामात साधारण किती धक्के बसतात आणि किती जोराचे, याचा तक्ता केला. त्यावरून या ६३१ जणांनी आयुष्यभरात एकूण किती मार खाल्ला याचा अंदाज काढला आणि दोन्ही बाजू जुळवून पाहिल्या.

कन्कशन किती झाली यावरून सीटीई होईल का हे सांगता येत नव्हतं. एकूण मार किती साचला, यावरून सांगता येत होतं.

मी हे वाचून खुर्ची मागे सरकवून बसलो. कारण एवढ्यात सगळी चर्चाच उलटी होते. टीव्हीवर दिसतो, ज्यावर स्टेडियम श्वास रोखतं, तो एक भयंकर धक्का हा हिशोबातला छोटा भाग. खरा हिशोब त्या एडक्यांच्या टकरींचा. दर खेपेची, कुणाच्या लक्षातही न येणारी, ज्यानंतर गडी उठून पुन्हा ओणवा बसतो ती टक्कर. हायस्कूलच्या मुलांवर २०११ साली झालेल्या एका अभ्यासात एका मुलाच्या डोक्याला एका हंगामात सरासरी साडेसहाशेच्या आसपास धक्के मोजले गेले. बहुतेक मुलांना त्यातला एकही डॉक्टरकडे घेऊन गेला नसेल. याच बॉस्टनच्या गटाने २०१९ मध्ये २६६ खेळाडूंवरून दुसरा हिशोब दिला होता : खेळण्याचं प्रत्येक वाढीव वर्ष सीटीईची शक्यता तीसेक टक्क्यांनी वाढवतं. दर साल तीस टक्के, चक्रवाढ! अडीच-पावणेतीन वर्षांत दुप्पट. (इथे शक्यता म्हणजे संख्याशास्त्रातली ‘ऑड्स’, शंभरात इतके असा थेट अर्थ काढू नका. दाजी इंजिनिअर आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

आता हेल्मेट. इथे मी घरच्या मैदानावर आहे.

हेल्मेट कवटी वाचवतं. मनापासून मान्य, आणि ही लहान गोष्ट नाही. १९०५ च्या एका हंगामात हा खेळ खेळताना अठरा-एकोणीस जण मेले होते, इतके की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं. कवट्या फुटत होत्या. १९७३ मध्ये हेल्मेटसाठी चाचणीचं मानक आलं तेही मुख्यतः कवटी फुटू नये म्हणूनच. ते काम हेल्मेटने चोख केलं.

पण मेंदू कवटीला चिकटवलेला नसतो. तो आत पाण्यात तरंगतो. गारगोटीहून रंकाळ्याकडे येणाऱ्या भरल्या एसटीत उभं राहून बघा. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की बस थांबते, तुम्ही थांबत नाही. बसला बाहेरून कितीही जाड गादी लावा, आतल्या उभ्या माणसाचा तोल जाणं थांबेल का? गादीमुळे बस जराशी सावकाश थांबते, तेवढाच फायदा. हेल्मेटचंही तेवढंच. काही फायदा होतो, शून्य नाही. ‘धक्का पोचतच नाही’ हे मात्र धादांत खोटं.

सरळ धक्क्याहून वाईट असतो पीळ. विरजण लावलेलं भांडं घ्या आणि झटक्यात फिरवा. भांडं फिरतं, दही मागे राहतं, आणि कडेला तडा जातो. डोक्याला बाजूने मार बसून ते गर्रकन वळलं की मेंदूचं असंच होतं. ताण सगळ्यात जास्त पडतो तो घड्यांच्या तळाशी. सीटीईचं टाऊ आधी कुठे सापडतं म्हणालो होतो? घड्यांच्या तळाशी, रक्तवाहिन्यांभोवती.

आणि गंमत अशी की कडक हेल्मेट आल्यावर खेळाडू निर्धास्तपणे डोकंच पुढे करून घुसायला लागले. हेल्मेट हे हत्यार झालं. शेवटी १९७६ मध्ये डोक्याने भिडण्यावर नियम करून बंदी आणावी लागली, आणि मानेच्या जीवघेण्या इजा घटल्या त्या त्यानंतर. वाचवलं कशाने, नव्या हेल्मेटने की नव्या नियमाने, ते ज्याचं त्याने बघावं.

लीगच्या डॉक्टरांची समिती. होय, होती अशी समिती. एनएफएलने १९९४ मध्ये नेमली. प्रमुख कोण? इलियट पेलमन. मेंदूचे डॉक्टर? नाही. सांधेदुखीचे, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. या समितीने वर्षानुवर्षं निबंध छापून काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं.

मग २००२ च्या सप्टेंबरात माइक वेबस्टर गेला. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा सेंटर, चार सुपर बोल (लीगची अंतिम मॅच) जिंकलेला, सतरा हंगाम खेळलेला. सेंटर म्हणजे दर खेपेला चेंडू मागे सरकवून पहिली टक्कर घेणारा माणूस, एडक्यांतला मधला एडका. वय ५०. शेवटच्या वर्षांत घर सुटलं, ट्रकमध्ये झोपायचा. शवविच्छेदन आलं बेनेट ओमालू नावाच्या तरुण नायजेरियन डॉक्टरकडे. मेंदू वरून बघायला धडधाकट. दुसरा कुणी असता तर अहवालावर सही करून घरी गेला असता. ओमालूने पातळ काप करवून सूक्ष्मदर्शकाखाली घातले, आणि मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत दिसतं तसलं काही दिसलं. मुष्टियोद्ध्यांचं हे दुखणं वैद्यकाला १९२८ पासून माहीत होतं, हेही इथे सांगायला हवं. २००५ मध्ये ओमालूचा निबंध छापून आला. समितीतल्या डॉक्टरांनी काय केलं? निबंध मागे घ्या अशी मागणी केली. कुंपणच शेत खात होतं.

निबंध मागे घेतला गेला नाही. २००९ मध्ये अमेरिकी संसदेच्या सुनावणीत एका सदस्येने लीगच्या तोंडावर तंबाखू कंपन्यांची आठवण काढली. आणि मार्च २०१६ मध्ये लीगचे आरोग्य-सुरक्षेचे उपाध्यक्ष जेफ मिलर यांना संसदेच्या समितीसमोर विचारलं गेलं, फुटबॉल आणि सीटीईसारख्या आजारांचा संबंध आहे का? ते होय म्हणाले. माजी खेळाडूंच्या दाव्यांपोटी लीगने आजवर शंभर कोटी डॉलरच्या वर पैसे मोजलेत. ज्याने दुखणं नाकारलं त्यानेच कबूल करून दहा वर्षं होत आली, आणि आपला फॉरवर्ड अजून १९९४ च्या समितीचा दाखला देतोय.

१११ पैकी ११०. इथे फॉरवर्डला अर्धा मार्क द्यावा लागतोय, दातओठ खात. २०१७ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टनच्याच गटातल्या अॅन मॅकी आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या २०२ मेंदूंपैकी एनएफएल खेळलेल्यांचे १११ होते आणि ११० मध्ये सीटीई निघाला. हे मेंदू चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. ज्यांच्या घरच्यांनी त्रास पाहिला होता त्यांनीच प्रामुख्याने दान केले. त्यामुळे ‘फुटबॉल खेळणाऱ्या ९९ टक्क्यांना सीटीई होतो’ असं जे कुणी म्हणतं, ते फॉरवर्डवाल्याइतकंच चुकतं. त्याच निबंधात फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेले १४ होते, त्यांपैकी तिघांत सापडला. तेही दाजींनी बघावं, मी काही लपवत नाही.

पण बनाव कुठाय? निवडीची मर्यादा त्या शास्त्रज्ञांनी स्वतःच निबंधात लिहून ठेवलीय. आणि जरा पाटीवरचं गणित करा. बॉस्टनच्या गटाचा हा मेंदूसंग्रह सुरू झाल्यापासून तोवर साधारण १,३०० माजी एनएफएल खेळाडू वारले होते. उरलेल्या सगळ्यांचे मेंदू लख्ख होते असं धरलं तरी प्रमाण आठ-नऊ टक्क्यांच्या खाली येत नाही. याउलट मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या सुप्रसिद्ध हृदय-अभ्यासातल्या साध्या नागरिकांचे १६४ मेंदू याच गटाने तपासले. सीटीई सापडला एकात. तो माणूस कोण होता? कॉलेजात फुटबॉल खेळलेला.

शिवाय दानेशवरांच्या अभ्यासात तुलना खेळाडूंची खेळाडूंशीच आहे, जास्त मार खाल्लेल्यांची कमी मार खाल्लेल्यांशी. दोघेही दान केलेलेच. तिथे ‘निवडून घेतले’ म्हणून सगळं उडवून लावता येत नाही.

खेळाडू जास्त जगतात. हेही खरं! अमेरिकी सरकारच्या कामगार-आरोग्य संस्थेने, नियॉशने, १९५९ ते १९८८ या काळात किमान पाच हंगाम खेळलेले ३,४३९ जण घेतले. सामान्य पुरुषांच्या हिशोबाने त्यांतले सहाशेवर जायला हवे होते; गेले ३३४. धडधाकट, व्यायाम केलेली माणसं. त्यांची सरासरी पुरुषाशी तुलना केली की असंच निघणार. फॉरवर्ड इथे थांबतो. त्याच ३,४३९ जणांवर त्याच संस्थेने त्याच वर्षी, २०१२ मध्ये, दुसरा निबंध काढला : मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मरण येण्याचं प्रमाण सामान्यांच्या तिप्पट, अल्झायमर आणि एएलएसचं (मज्जापेशी मरून स्नायू लुळे पडत जाणारा आजार) सुमारे चौपट. एका गठ्ठ्यातलं पहिलं पान दाखवायचं आणि दुसरं बुडाखाली घालून बसायचं, याला काय म्हणतात ते दाजींना ठाऊक आहे, त्यांनी तलाठ्यापाशी हेलपाटे घातलेत.

‘लहानपणापासूनच घाला.’ मुलाचा मेंदू लवचिक असतो, म्हणजे शिकण्यात. मार खाण्यात नव्हे. सहा-सात वर्षांच्या मुलाचं डोकं जवळजवळ मोठ्या माणसाएवढं झालेलं असतं आणि मान काडीएवढी. काठीवर नारळ ठेवल्यासारखं. ती मान धक्का आवरू शकत नाही. बारा वर्षांच्या आत सुरुवात केली तर नेमकं किती वाईट, यावर संशोधकांत अजून वाद आहेत. काही अभ्यासांत फरक दिसला, काहींत दिसला नाही. पण वर्षांचा हिशोब आधीच सांगितलाय. चौदाव्या वर्षाऐवजी सातव्या वर्षी सुरू केलं तर सात वर्षांची टक्कर खात्यात जास्तीची जमा होते, आणि ती कुठल्याही सरावाने वजा होत नाही. ‘योग्य टॅकल शिकवलं की कन्कशन कमी होतात’ हाही दावा लीगच्या पैशावर चाललेल्या एका मोठ्या उपक्रमाने केला होता; २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यामागचे आकडे उलगडले तेव्हा त्यात तसं काही निघालं नाही.

सायकल : जास्त मुलं सायकल चालवतात म्हणून जास्त पडतात. आणि सायकल चालवण्याचा हेतू पडणं हा नसतो.

पैलवान : मी कोल्हापूरचा, गंगावेशीत वाढलो, माझ्यासमोर हे बोलू नका. कुस्तीत पाठ टेकवायची असते, डोकं फोडायचं नसतं. आणि मल्लांना काही झालंय की नाही हे बघायला आपल्याकडे कुणी मेंदू तपासलेत का? मोजलंच नाही ते झालंच नाही, हे बारावीच्या प्रॅक्टिकललाही चालत नाही. डोक्याने चेंडू मारणाऱ्या आपल्या फुटबॉलवाल्यांनीही फार हसू नये. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिकांवरच्या २०१९ च्या अभ्यासात मेंदूच्या झिजेने मरण्याचं प्रमाण साडेतीनपट निघालंय. तो विषय वेगळा, कधीतरी लिहीन आणि पेठेत मार खाईन.

ब्राह्मीचं तेल डोक्याला लावा. केस मऊ होतील.

आता ताई, तुझं. खेळूच देऊ नकोस असं मी म्हणत नाही. मामाने नाही म्हटलं म्हणून बारा-तेरा वर्षांचं पोरगं ऐकत नसतं, हे मला कळतं. दोन-तीन वर्षं शाळेत खेळलेला प्रत्येक जण वेबस्टर होत नाही. पण सहीच्या आधी दाजींना कोचकडे पाठव आणि तीन गोष्टी विचारायला सांग. आठवड्यात अंगावर अंग घालून सराव किती मिनिटं? एनएफएलच्या दांडग्या पगारदार गड्यांनी २०११ च्या करारात भांडून असा सराव अख्ख्या हंगामात १४ दिवसांवर आणून ठेवलाय. पोरांच्या कोचने त्यांच्याहून जास्त ऐट दाखवू नये. दुसरं, मॅचलाच नव्हे, सरावालाही प्रशिक्षित अॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळातल्या इजा बघणारा माणूस, मैदानावर असतो का? आणि तिसरं, मुलाला बाहेर काढायचं कुणी ठरवायचं, आणि त्यावर कोच ‘अरे काही नाही झालं’ म्हणू शकतो का? तिसऱ्या प्रश्नाला कोच हसला तर फॉर्म तिथेच परत घ्या.

आणि फ्लॅग फुटबॉलचा फॉर्मही मागून घे. तोच खेळ, तेच पळणं, तेच फेकणं. फक्त माणूस पाडायच्या ऐवजी कमरेची पट्टी ओढायची. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो आहे. हे ईशानला सांग. मी सांगितलं म्हणून नको, यूट्यूबवर सापडलं म्हणून सांग.